'दबाव टाकला की मुलं चमकतात' : एक खुलासा

'मुलांवर जितका दबाव, तितकं यश. हे मानसशास्त्राने 1908 सालीच सिद्ध केलंय' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या भरवशावर कुणी मुलांना ताणू नये म्हणून हे लिहिते आहे.

1908 चा प्रयोग रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा. तो मुलांवर झालाच नव्हता, उंदरांवर झाला होता. काळी आणि पांढरी पेटी ओळखायची. काळ्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा तीव्र झटक्याने उंदीर लवकर शिकले. पण फरक सूक्ष्म केल्यावर तीव्र झटक्यांनी शिकणं उलट रेंगाळलं, मध्यम झटके जास्त उपयोगी पडले. म्हणजे या मजकुराला हवा आहे तो निष्कर्ष त्यात नाहीच. शिवाय विजेचा झटका म्हणजे आईबापांच्या अपेक्षा नव्हेत.

मुलांविषयी बोलायचं तर थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांचं काम पाहावं. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41,000 हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती त्यांनी तपासली. 'मी परिपूर्ण असलो तरच लोक मला स्वीकारतील' ही भावना या काळात स्पष्टपणे वाढलेली दिसली. याच भावनेचं नैराश्य आणि चिंतेशी नातं वारंवार आढळलं आहे.

मेहनत करून घेणं वेगळं. मार्क कमी पडले की घरातलं बोलणंच थांबतं, तेव्हा मूल अभ्यास नव्हे, भीती शिकतं. झोप उडाली, आवडीचे खेळ सुटले, मूल गप्प राहू लागलं, तर निकालाची वाट न पाहता समुपदेशकाकडे जा.