मणक्याने दमा जात नाही
एका लेखात लिहिलंय की कायरोप्रॅक्टिकने, म्हणजे हाताने दाबून-सरकवून, मणका सेट केला की मुलांचा दमाही कमी होतो. अहो याची चाचणी कॅनडात झालीय, 1998 मध्ये छापूनही आलीय, 91 मुलं, सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच, काहींना खरी ट्रीटमेंट आणि बाकीच्यांना नुसती केल्यासारखी. दोन्हीकडे मुलांना बरं वाटलं, पंपही (इन्हेलर) कमी लागला, पण दोन गटांत म्हणावा असा फरकच नाही! मग मणक्याचा काय संबंध? कंबर दुखत असेल तर जरूर दाखवा, पण मुलांचा इन्हेलर कुणाच्या सांगण्यावरून प्लीज बंद करू नका. माझ्या भाचीला दमा आहे, रात्री श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बघवत नाही, आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप दिला की थोड्या वेळाने खांद्यावरच झोपते.