नुसती नळी बदलून भागत नाही

‘.३०३ ची रायफल .३१५ मध्ये बदलायची तर नवी नळी बसवली की झाले’ हे लेखातील विधान मला अपुरे वाटते (हे आकडे नळीच्या आतल्या व्यासाचे, इंचांत). ब्रिटिश राजवटीने लष्करी .३०३ काडतूस खासगी शिकाऱ्यांना नाकारले, म्हणूनच मूळ ऑस्ट्रियन मानलिखर रायफलींच्या घराण्यातले .३१५ काडतूस ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या घडणीत बसवून येथे विकले गेले. दोन्ही काडतुसांच्या बुडाला कडा असल्याने बोल्टचे (काडतूस नळीत ढकलणाऱ्या व बाहेर ओढणाऱ्या दांड्याचे) काम त्यामानाने सोपे होते. मात्र .३०३ चे कवच ५६ मिलिमीटर लांब, तर .३१५ चे ५०, त्यामुळे मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) काडतूस विनासायास सरकते का, हे तपासावेच लागते. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार असा बदल करण्याच्या व्यवसायालाही स्वतंत्र परवाना लागतो, ज्याचा लेखात (आश्चर्य म्हणजे) उल्लेखच नाही.