पेट्रोल सरलं का भौ?

डॉक्टरनं शुगर बॉर्डरवर आली म्हणून सांगितलं आणि रोज अर्धा तास चाला म्हणाला. एवढंच. पण साधं सांगितलेलं साधं करायची आपल्याला सवय नाही, म्हणून मी सायकल घेतली, आणि तीही दूधवाल्यासारखी नाही तर टूरिंगची, चोवीस गिअरची, मागं दोन्ही बाजूंनी बॅगा अडकवता येतील अशी. घरी किंमत बारा हजार सांगितली. खरी इथंही लिहीत नाही, बायको वाचते.

या सगळ्याला कारणीभूत रात्री झोपताना पाहिलेले व्हिडिओ. तिकडे स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेलाइनींवर १९९३ पासून सायकलवाल्यांसाठी रस्ते करायला घेतलेत. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, त्यामुळं ती लाइन डोंगरातसुद्धा अगदी हळूहळू चढत जाते, मधे बोगदे, पूल, ना ट्रक ना हॉर्न, आणि सत्तरीचे म्हातारा-म्हातारी गप्पा मारत आरामात डोंगर चढून राह्यलेत. मला लगेच आपली शकुंतला आठवली, नॅरोगेजची आगगाडी. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, आता बंद, रुळांमधे झुडपं वाढलेली. डोंगर नाही तिथं, पण रस्ता तर आयता आहे! एका लग्नात पंगतीत बसून मी हा विचार मामेसासऱ्यांना ऐकवला. त्यांचं अर्धं आयुष्य शकुंतला ब्रॉडगेज व्हावी म्हणून निवेदनं देण्यात गेलेलं. हातातला लाडू तसाच ठेवून म्हणाले, ‘आमी रेल्वे मांगून राह्यलो अन हे जवाई म्हन्ते सायकल चालवा!’ अख्ख्या पंगतीनं माझ्याकडे पाहिलं. मठ्ठा वाढणारा पोट्टासुद्धा थांबला.

म्हटलं जाऊ द्या, आपल्याला डोंगर पाहिजे ना, मेळघाट घरामागंच आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या रस्त्यानं चिखलदरा, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी घटांगवरून उतरून परत. दिवाळी होऊन गेलेली, हवा गार, दिवस सोमवार म्हणजे चिखलदऱ्याला धावणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्यापण नाहीत. रस्ता मोकळा, डोकं शांत. बायको म्हणाली एकटे काहून जाता, तर मी म्हटलं, दोन दिवस कोणाशी बोलायचंच नाही. (हे वाक्य तिनं लक्षात ठेवलंय.)

पहाटे निघालो तर धामणगावच्या अलीकडेच एक मोटरसायकल बाजूला येऊन हळू झाली. मागं बसलेल्यानं कापसाचं गाठोडं सावरत विचारलं, ‘पेट्रोल सरलं का भौ?’

मी म्हटलं सायकल आहे. तो म्हणाला, ‘थे तं दिसून राह्यलं. गाडीचं इचारतो.’ त्याच्या हिशेबानं माझी मोटरसायकल कुठंतरी बंद पडली होती आणि मी कोणाची तरी सायकल मागून पेट्रोल आणायला निघालो होतो. मी सांगितलं की गाडी घरी आहे, चांगली आहे, टाकी फुल आहे. त्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मी दवाखान्यात पाहिलेलं आहे, नातेवाइकाला बाहेर बोलावून बोलायच्या आधी.

मग पंक्चर झाली. माझ्याकडे जादा ट्यूब होती, पंप पण होता, फक्त पंपाचा वायसर घरून निघतानाच मेलेला होता. टपरीवाल्या पोरानं चाक काढून ट्यूब पाहिली आणि कामच थांबवलं. या असल्या सायकलच्या ट्यूबला प्रेस्टा वॉल्व असतो, आपल्या मोटरसायकलच्या वॉल्वपेक्षा बारीक, वर एक इवलीशी चकती जी ढिली केल्याशिवाय हवा जातच नाही. त्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसेना. ‘हे काय लावलं काका, बालपेनची रिफिल हाय का?’ त्यासाठी एक ॲडॉप्टर मिळतो, माझ्याकडे आहेसुद्धा, घरच्या ड्रॉवरमधे. पोट्टं दोन मिनिटं नुसतं बघत बसलं. मग वॉल्वचं प्लॅस्टिकचं टोपण घेतलं, ब्लेडनं त्याचं टोक उडवलं, ती चकती ढिली केली, टोपण उलटं करून वॉल्ववर फिरवून बसवलं आणि वर नळी दाबली. फुस्स करून हवा गेली! हीच आयडिया मी एका इंग्रजी व्हिडिओत पाहिली होती, तो माणूस ती सांगायला अकरा मिनिटं घेतो. पोरानं वीस रुपये घेतले आणि विचारलं, ‘काका, गाडी कुठाय तुमची?’

आता घाट. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा १११८ मीटर, म्हणजे साडेसातशे मीटर आपला आणि दोन बॅगांचा देह स्वतः वर न्यायचा. त्यासाठी गिअर असतात. पुढची चकती २२ दात्यांची, मागची ३४ दात्यांची, म्हणजे पायडलचा अख्खा फेरा मारला तरी चाक पाऊणसुद्धा फिरत नाही, आपण जेमतेम दीड मीटर पुढं जातो. दम लागत नाही हे खरं आहे. पण मिनिटाला साठ फेरे मारले तरी स्पीड निघतो ताशी पाच किलोमीटर, आणि ताशी पाच किलोमीटर म्हणजे माणूस चालतो तेवढाच, ही गोष्ट मला दुकानदारानं सांगितली नव्हती.

हे मला समजलं ते गाई चारणाऱ्या एका बावाजीमुळं. डोक्याला पटका, खांद्यावर काठी, गाई खाली नाल्यात सोडलेल्या, आणि दिवसभर त्या रस्त्यावर पाहायला काही नाही. मी दिसलो. शहरात कसं, बाजूनं शंभर गाड्या जातात, तुम्ही हत्तीवर बसून चालले तरी कोणी काच खाली करत नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र त्या दिवसाचं आलेलं एकमेव वाहन तुम्ही असता, तुम्हाला असंच कसं जाऊ देतील? ते सरळ माझ्या बाजूनं चालायला लागले. मी जोर लावला, त्यांनी फक्त काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

‘कोन्या गावचे?’

‘अमरावती.’

‘कोनाच्या घरी चाल्ले?’

‘कोणाच्या नाही बावाजी. असंच.’

‘असंच?’ ते वीसेक पावलं गप्प चालले. मला वाटलं संपलं. ‘नवस हाय का?’

नाही म्हटलं. मग ब्यांकेचे आहेत का, मोजणीवाले आहेत का, कोणती स्कीम आली का, हे सगळं झालं. मग आवाज खाली करून, ‘घरी भांडन झालं?’ त्यालाही नाही म्हटल्यावर त्यांना माझी फारच काळजी वाटायला लागली. हे मला धापा टाकत उत्तरं द्यावी लागत होती आणि ते मात्र चुना लावून तंबाखू मळत चालले होते. शेवटी एका वळणावर माझा पाय सुटला, उतरलो आणि सायकल ढकलायला लागलो. तर बावाजी थांबले. म्हणाले, ‘बसाची हाय का ढकलाची हाय, एक काईतरी ठरवा,’ आणि गाईंकडे निघून गेले.

त्यात माझी ती चड्डी. सायकलची चड्डी आतून गादी शिवलेली असते, गरजेची वस्तू आहे, चार तास सीटवर बसून पाहा म्हणजे कळेल. पण उतरून ढकलताना ती गादी मागं लोंबते आणि चाल बदकासारखी होते. वळणावर खेळणारे पाच-सहा पोट्टे आधी टाटा करत होते, मी पुढं गेल्यावर ते जे हसले ते पुढच्या दोन वळणांपर्यंत ऐकू येत होतं, कारण रस्ता शांत.

वर गेलं की मात्र खरंच सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडे साग, खाली दरीत धुकं, आपल्याच चेनचा टिकटिक आवाज. पण मेळघाट १९७३-७४ मधे देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यातला एक, हे शाळेत पाठ केलेलं नेमकं तिथंच आठवतं. आणि इथं वाघापेक्षा अस्वलाचं लोक जास्त सांगतात. एका ठिकाणी बाजूच्या झुडपात खसखस झाली. मी थांबलो. अस्वल दिसलं तर पळायचं की थांबायचं ते काही आठवेना, गिअरही कोणत्या बाजूनं हलका होतो ते विसरलो. झुडूप फाकलं, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई बाहेर आली, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, ‘भाऊ, गाडी खराब झाली का?’

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. भीमानं कीचकाला इथल्याच दरीत फेकला म्हणतात, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा. कीचकाला निदान कोणी उचलून तरी टाकलं. लॉजवाल्यानं रजिस्टर पुढं केलं, त्यात वाहन क्रमांकाचा रकाना होता, तिथं काय लिहायचं यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली आणि त्यानं शेवटी माझा आधारचा नंबर लिहिला. रात्री रबडी खाल्ली. शुगरचं नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी घटांगला उतरलो, तिथं परतवाडा-धारणीचा मोठा रस्ता लागतो, इंदूरकडचे ट्रक, एसट्या, पिकअप, नुसती वर्दळ. हॉटेलसमोर सायकल टेकवून बाकड्यावर बसलो. कोणी पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हर लोक आलूबोंडे खात होते, क्लीनर टायर ठोकून पाहत होता, पाच मिनिटं झाली, दहा झाली, मला कोणी काही विचारेना. मी हेल्मेट टेबलावर जरा दिसेल असं ठेवलं. घंटीपण वाजवून पाहिली, चेक करतो असं दाखवून.

शेवटी चहा द्यायला आलेल्या म्हाताऱ्याला मीच म्हटलं, ‘चिखलदऱ्याहून सायकलनं आलो.’

‘हाओ?’ त्यानं कप ठेवला, फडकं खांद्यावर टाकलं. ‘मंग उतारच तं हाय थो.’