"दोन अंशांनी काय फरक पडतो?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओहोटीत उघड्या पडणाऱ्या प्राण्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "अर्धवट वाचून लोकांना घाबरवायच्या या थापा आहेत. हे प्राणी रोज रणरणतं ऊन झेलतात, त्यांना आणखी दोन अंशांनी काय फरक पडतो?" पुढे उत्क्रांतीवर तीन ओळी, लेखाच्या लांबीवर एक आणि मसल शिंपल्यांबद्दल एक दुरुस्ती.

आधी दुरुस्तीचं बघू. ओहोटीत सगळे मसल घट्ट मिटून बसतात, असं मी सरसकट लिहून गेलो होतो. खाऱ्या दलदलीतला ग्युकेन्सिया डेमिसा हवेतही शिंपला किंचित उघडा ठेवतो. तुमचं बरोबर आहे, मान्य.

पण "थापा"? मतभेद मांडायला हा शब्द लागत नाही. खडकांवर तापमापक बसवणं आणि त्यातले आकडे वाचणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. खोटं ठरवण्याआधी हे आकडे येतात कुठून, एवढं तरी विचारायचं होतंत. विचारलं नाहीत, तरी सांगतो.

हवेचं तापमान आणि प्राण्याच्या अंगातलं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हातला मसल हवेपेक्षा दहा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापतो. गडद शिंपला ऊन शोषतो, तापलेला खडक खालून भर घालतो आणि वारा पडला की ती उष्णता निघून जायला वाट उरत नाही. हे मोजायला रिकाम्या शिंपल्यात सेन्सर ठेवून भागत नाही. आत नुसती हवा असल्याने तो भराभर तापतो आणि ढग आला की भराभर निवतो. जिवंत प्राण्याच्या अंगातल्या पाण्यामुळे त्याचं तसं होत नाही. म्हणून शिंपल्यात रेझिन भरतात, मधोमध छोटा डेटालॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं यंत्र, बसवतात आणि शेजारच्या मसलचा कल जसा असेल तसाच कल ठेवून तो दाटीत चिकटवतात. कल चुकला की ऊन पडणारं क्षेत्रफळ बदलतं आणि सगळी नोंद वाया जाते.

सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन हेल्मुथ यांच्या गटाने २००२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच नोंदी मांडल्या. उत्तरेकडचे काही किनारे दक्षिणेकडच्या किनाऱ्यांपेक्षा जास्त धोक्याचे निघाले, कारण तिथे उन्हाळ्यातली मोठी ओहोटी भर दुपारी येते. हवामान खात्याचा आकडा पाहून "एवढं तर झेलतात" म्हणणं म्हणूनच पोकळ आहे.

आता तुमचे दोन अंश. पेट्रोलिस्थेस हे नखाएवढे चपटे खेकडे दगडांखाली राहतात. जोनाथन स्टिलमन आणि जॉर्ज सोमेरो या जीवशास्त्रज्ञांनी त्यांच्या दोन जाती तपासल्या. किनाऱ्याच्या खालच्या, बहुतेक वेळ पाण्याखाली असणाऱ्या पट्ट्यातला पे. एरिओमेरस जिथे राहतो तिथलं तापमान साधारण १६ अंशांपलीकडे जात नाही आणि तो मरतो २७ च्या आसपास. वरच्या पट्ट्यातल्या पे. सिंक्टिपेसच्या दगडाखाली ३१ अंश होतात आणि त्याची मर्यादा ३१-३२ ची. वजाबाकी करा. पाण्यात राहणाऱ्या नाजूक खेकड्याकडे दहा-अकरा अंश शिल्लक आहेत. ऊन झेलणाऱ्याकडे जेमतेम एक. त्याला तुमचे दोन अंश द्या आणि काय उरतं ते पाहा.

सरावाने ही मर्यादा वर सरकेल, असं तुम्हाला वाटत असेल. स्टिलमन यांनी २००३ मध्ये तेही दाखवलं की जी जात जास्त उष्णता सोसते, तिची मर्यादा सरावाने सगळ्यात कमी सरकते. तिने आपली ताकद आधीच पणाला लावलेली असते.

तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण मीच देतो. एकिनोलिटोरिना मॅलॅकाना ही बोटाच्या पेरापेक्षा लहान गोगलगाय भरतीरेषेच्याही वर राहते आणि ५५ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. ऊन वाढलं की ती पाय आत ओढून कवचाचं दार लावून घेते आणि शंखाची कड चिकट द्रवाने खडकाला डकवून कडेवर उभी राहते. तापलेल्या दगडाशी स्पर्श राहतो तो त्या सुकलेल्या धाग्यापुरता. ३५ अंशांपुढे ती चयापचय मंदावते. पण दार लावलेली गोगलगाय खात नाही, हलत नाही. खडक ओला झाल्यावरच ती चरते. उन्हाचे तास वाढले तर ती मरायच्या आधी उपाशी राहते. तुमच्या "झेलतात" या शब्दात ही किंमत कुठेच धरलेली नाही.

इतरांचंही तसंच. उष्णतेने विस्कटलेली प्रथिनांची घडी हीट-शॉक प्रथिनं पुन्हा बसवतात आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जा, खर्ची पडतं. टेगुला गोगलगायींत खालच्या पट्ट्यातली जात साधारण २४ अंशांना ही दुरुस्ती सुरू करते, वरची २७ ला. जी ऊर्जा दुरुस्तीला जाते ती वाढीला आणि अंड्यांना मिळत नाही. पिसास्टर तारामासा उन्हाचा चटका बसल्यावर पुढच्या भरतीत अंगात जास्त थंड पाणी भरून घेतो. समुद्रच कोमट झाला तर भरायचं काय?

जून २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली तेव्हा मोठी ओहोटी दुपारची होती. खडक ५० अंशांवर गेले. मसल शिंपले वासून पडले, आतलं मांस शिजलेलं. सागरी जीवशास्त्रज्ञ ख्रिस हार्ली यांच्या अंदाजानुसार एक अब्जाहून जास्त समुद्री प्राणी मेले. त्यातले खडकांवरचे मसल आणि बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचधारी प्राणी) रोज ऊन झेलणारेच होते, साहेब. सावलीच्या भेगांमधले वाचले, उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावरचे गेले.

उत्क्रांतीच्या तीन ओळींवर मी वेळ घालवणार नाही. लिंपेट या खडकाला चिकटून राहणाऱ्या गोगलगायीच्या एका एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदललं तरी ते उष्णतेत जास्त टिकतं, हे मूळ लेखातच आहे. तो बदल एका दुपारच्या ओहोटीत घडत नाही. लेख लांब वाटला तर वाचू नका.

ग्युकेन्सियाबद्दलचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलंय. "थापा" हा शब्द तुम्ही मागे घ्याल, अशी अपेक्षा आहे.