यावर पुढच्या मंगळवारी बसू

साडेदहाची मीटिंग. मी डोंबिवलीहून फास्टला लटकत घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि १०:२५ ला घामेजल्या शर्टात खुर्चीवर हजर. साहेब राहतात लोखंडवालाला, म्हणजे अंधेरीतच. ते उगवले १०:५५ ला. वर “काय ट्रॅफिक आहे यार!”

मग प्रोजेक्टरची केबल सापडेना. ती सापडेस्तोवर कटिंग चहा आला. अजेंडा विचारला, तर “सगळ्यांना माहितीये ना!” नाही हो माहीत! अकरापैकी सात जणांना आपण इथे का बसलोय हेच कळलेलं नव्हतं. सेल्सवाला टेबलाखाली स्कोअर बघत होता, आणि अकाउंट्सच्या मॅडम ‘नोट्स’ काढत होत्या. मी डोकावून पाहिलं: मेथी, आलं, अर्धा किलो भेंडी. (एवढीच काय ती कामाची यादी झाली त्या खोलीत.)

अकरा माणसं, दीड तास. म्हणजे साडेसोळा तास; एका माणसाची दोन दिवसांची हजेरी! आणि निर्णय? “यावर पुढच्या मंगळवारी बसू.”

मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, कोणीच लिहीत नाही. त्यामुळे दर मंगळवारी पहिली वीस मिनिटं ‘मागच्या वेळी काय ठरलं होतं’ यावर खल. अहो, काहीच ठरलं नव्हतं! कोण करणार, कधीपर्यंत करणार, एवढ्या दोन ओळी ग्रुपवर टाकायला कोणाचे हात दुखतात?

आत्ताच निरोप आलाय. मंगळवारची मीटिंग साडेनऊला. साहेबांना लवकर निघायचंय.