वायर मी ताणली होती

मुलाने वस्तू तोडली तर तिची भरपाई त्याच्या खाऊच्या पैशांतून कापून घ्यावी, असे मी वाचलेल्या एका लेखात सुचवले आहे. ते मला मुळीच पटले नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचा पाय चार्जरच्या वायरीत अडकला आणि टेबलाच्या कडेला ठेवलेला माझा लॅपटॉप खाली आदळून स्क्रीनला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. मी तिच्यावर ओरडलो. ती मात्र रडत रडत वायरीचे टोक पुन्हा खाचेत बसवण्याची धडपड करत होती. खोलीच्या मधून ती वायर मीच ताणून ठेवली होती, हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

त्या वयात किमतीचा अर्थ कळत नाही, आणि मनातली ऊर्मी आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीनंतरही काही वर्षे घडतच असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाने बजावूनही कॅमेरा खेळायला नेला, तर गोष्ट वेगळी. तेथे दुरुस्तीच्या खर्चात त्याने थोडा वाटा उचलण्यास माझी हरकत नाही, पण तोही त्याच्याशी बोलून ठरवावा. पैसे कापले जाण्याच्या भीतीने मूल कीबोर्डवर सांडलेले पाणी लपवते, याची मला अधिक काळजी वाटते, कारण लॅपटॉप तत्काळ बंद करून नीट वाळवला तर तो वाचू शकतो, चालू राहिला तर आतील सर्किट निकामी होण्याचा धोका वाढतो. शिवाय उत्पादकाची वॉरंटी सहसा निर्मितीतील दोषांपुरतीच असते; पडण्या-सांडण्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि ते मी घेतले नव्हते. त्या रात्री मी मुलीची माफी मागितली.