वेंधळ्या पोराला नाचातून का काढता?

'पालकांनो सावधान' हा मेसेज जुळे सोलापूरच्या निम्म्या ग्रुपांवर फिरला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण तो वाचून माझ्या जावेनं पुतण्याचा कथ्थकचा क्लास बंद केला, म्हणून आता लिहावंच लागतंय. मेसेज म्हणतो: लहानपणी नाचल्यानं उंची खुंटते, गुडघे निकामी होतात, वेंधळी मुलं आणखी गोंधळतात, मुलगे बायकी होतात, अभ्यास बुडतो.

उंची ठरते ती आनुवंशिकता, आहार आणि आजारपणावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगतात, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. उड्या मारणं, पाय आपटणं म्हणजे दुसरं काय?

वेंधळेपणाचा मुद्दा मात्र डोक्यात जातो. शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्क्यांना हालचालींचा मेळ घालणं खरोखरच जड जातं. नाडी बांधता येत नाही, झेल सुटतो, वर्गात हसं होतं. त्यांना सावकाश, तुकड्यातुकड्यानं सराव हवा असतो. कथ्थकमधला तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटण्याचा पायाभूत सराव, बघा. 'ता थै थै तत'ला उजवा-डावा-उजवा-डावा, आणि पुढच्या 'आ'ला पुन्हा डावाच. पोरं नेमकी इथं अडकतात, कारण सवयीनं उजवा उचलला जातो. तो आवरायचा, वजन उजव्यावरच ठेवायचं, हात छातीसमोर, वर ताल सोडायचा नाही. ठाय म्हणजे संथ लयीत बसलं की मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात. पी.टी.च्या तासाला हे कुठून मिळणार? तो तास तर गणिताचे सर मागून घेतात! मूल फारच धडपडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, पण क्लास कशाला बंद करता?

मुलगे बायकी होतात म्हणे. गणपतीत लेझीमचे ताफे रस्त्यावर उतरतात तेव्हा कुणाला हे सुचत नाही. आणि कथ्थकचे दिग्गज नर्तक बिरजू महाराज कोण होते?

अभ्यासाचं म्हणाल तर आधी घरातला मोबाइल मोजा.

गुडघ्यांचं तेवढं थोडं खरं आहे. स्नेहसंमेलन जवळ आलं की शहाबादी फरशीवर तासन्‌तास तालीम करून घेतात, मग टाचा-गुडघे दुखणारच. तिथं बाईंना स्पष्ट सांगा: मध्ये विश्रांती द्या, आणि दुखतंय म्हटल्यावर पोराला बसू द्या.